लक्ष्यचिन्हाचा अधिकार आणि गटनेत्याची सत्ता : ऑनलाइन सांघिक खेळांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

कबड्डीत चढाईस गेलेल्या खेळाडूला त्याच्याच संघातील कोणी सूचना दिली, तर प्रतिपक्षास गुण बहाल केला जातो. विदर्भाला हा खेळ परका नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याचे प्रात्यक्षिक जगापुढे सादर केले होते. वरील नियम वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्यामागे एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. सांघिक खेळात लक्ष्य कोणी दाखवावे, आणि दाखविणाऱ्याचा अधिकार कोठे संपावा? कबड्डीने चढाईपुरते उत्तर दिले आहे : लक्ष्य ज्याचे त्याने निवडावे. ऑनलाइन खेळांनी मात्र याच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. आपल्याकडे या खेळांची चर्चा बहुधा व्यसन आणि बंदी या दोन शब्दांपाशीच थांबते. त्यांची अंतर्गत रचना समीक्षेचा विषय होऊ शकते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

चिन्ह आणि संकेत :

२००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात शत्रूच्या डोक्यावर ठेवण्यासाठी आठ चिन्हे आहेत : चांदणी, वर्तुळ, हिरा, त्रिकोण, चंद्र, चौकोन, फुली आणि कवटी. यांपैकी कोणत्याही चिन्हाने शत्रूचे बळ घटत नाही. ‘कवटी असलेल्यास प्रथम मारावे, फुली असलेल्यास नंतर’ हा अर्थ खेळाच्या आज्ञावलीत नसून खेळाडूंनी परस्परसंमतीने रूढ केलेला आहे. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते समाजमान्यतेवर उभे असते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो.

मात्र चिन्ह ठेवण्याचा अधिकार सर्वांना सारखा नाही. पाच जणांच्या लहान गटात कोणीही चिन्ह ठेवू शकतो. मोठ्या मोहिमेत तो अधिकार नेता व त्याने नेमलेले साहाय्यक यांच्यापुरता सीमित होतो. आरंभीच्या काळात अशा मोहिमेत चाळीसपर्यंत खेळाडू असत. चाळीस जणांनी चाळीस लक्ष्ये दाखविली तर चिन्हाला अर्थच उरणार नाही. म्हणून ही मर्यादा समर्थनीय ठरते. येथे अधिकार व्यक्तीच्या मोठेपणातून नव्हे, तर कार्याच्या स्वरूपातून आलेला आहे.

समान चिन्ह, असमान आवाज :

नागपूरच्या तरुणांना अधिक परिचित असलेला खेळ म्हणजे पूर्वीचा ‘पबजी मोबाइल’ आणि आताचा ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. पहिल्यावर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने बंदी घातली. दुसरा जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. येथे चार जणांच्या चमूत प्रत्येकास क्रमांक व रंग मिळतो आणि नकाशावर प्रत्येकास आपल्या रंगाची खूण करता येते. कागदोपत्री ही पूर्ण समता आहे.

व्यवहार निराळा आहे. १९५६ पर्यंत हिंदी-मराठी द्विभाषिक प्रांताची राजधानी राहिलेल्या या शहरात आजही चौकात दोन्ही भाषा सहज मिसळतात. मित्रांच्या चमूत हे मिश्रण आनंदाचे असते. परंतु अनोळखी चमूत जो मोठ्याने, सफाईने आणि अधिकारवाणीने बोलतो, तोच न नेमलेला नेता होतो. ग्रामीण भागातून आलेला संकोची विद्यार्थी बोलण्याचे टाळतो. अनेक मुली तर आवाजावरून ओळख पटून अश्लाघ्य शेरेबाजी वाट्याला येऊ नये म्हणून माइक बंदच ठेवतात. अशा खेळाडूंसाठी नकाशावरची खूण ही सोय नसून वाणी आहे. तिला उच्चार नाही, बोलीचा हेल नाही, स्त्री-पुरुष भेद नाही. म्हणूनच लहान चमूत खूण करण्याचा अधिकार नेत्याकडे सोपविणे म्हणजे मुक्या सहकाऱ्याची वाणी काढून घेणे होय.

तथापि, वाणी असणे आणि ती ऐकली जाणे यांत अंतर आहे. खूण दिसूनही तिच्याकडे दुर्लक्ष करता येते. रचनाकार अधिकार समान वाटू शकतो. प्रतिष्ठा वाटू शकत नाही. या मर्यादेचे भान ठेवूनच समतेचा दावा तपासला पाहिजे.

वगळण्याचा अधिकार :

नेत्याच्या सत्तेची खरी कसोटी चिन्हापेक्षा वगळण्यात लागते. ‘बॅटलग्राउंड्स’मध्ये सामना सुरू होण्यापूर्वी लॉबीतील नेता एखाद्या सदस्यास चमूबाहेर काढू शकतो, त्यासाठी इतरांचे मत घ्यावे लागत नाही. याउलट ‘वॉरक्राफ्ट’ने डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी खेळाडूंचे गट आपोआप जुळविण्याची व्यवस्था आणली, तेव्हा अशा गटातून कोणास काढण्यासाठी मतदान घेणे आवश्यक केले. त्याच खेळात लुटीचे वाटप नेत्याने निवडलेल्या एकाच व्यक्तीच्या हाती ठेवण्याची पद्धतही होती. पक्षपाताच्या तक्रारी तिच्या पाचवीलाच पुजलेल्या होत्या; २०१८ मध्ये मुख्य आवृत्तीतून ती काढून टाकण्यात आली. मित्रांच्या गटात विश्वास हेच नियंत्रण असते. अनोळखी गटात ते नियमानेच निर्माण करावे लागते, हा या बदलांचा मथितार्थ आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की ‘गटनेता’ हे एकच पद नसून त्यात किमान तीन भिन्न अधिकार एकवटलेले असतात : दाखविण्याचा, वाटण्याचा आणि वगळण्याचा. पहिला जितका विस्तृत, तितका खेळ समृद्ध. मात्र संख्या वाढल्यास त्याला मर्यादा हवी. दुसऱ्यास पारदर्शकता हवी, तर तिसऱ्यास उत्तरदायित्व. हे तिन्ही अधिकार एका हाती आणि विनाकारण देणारी रचना कितीही आकर्षक असली तरी सदोषच मानली पाहिजे.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई केली आणि ई-क्रीडेस मान्यता दिली. खेळाला मान्यता मिळाली की त्याच्या नियमांच्या न्याय्यतेचा प्रश्नही टाळता येत नाही. आपली मुले मैदानावर कर्णधाराची आज्ञा पाळण्यास शिकली, तसे आज ती पडद्यावर नेतृत्व करण्यास आणि नेतृत्व स्वीकारण्यास शिकत आहेत. ती किती वेळ खेळतात, हे विचारणे पालकांचे व शिक्षकांचे कर्तव्य आहेच. पण त्या चमूत त्यांचे म्हणणे कोणी ऐकते काय, हेही विचारावयास हवे.