‘समुदाय’ या पदाचे तीन अर्थ : आयकॅनच्या उपविधींचे एक परीक्षण

संस्थांच्या घटनांत जे पद वारंवार येते, त्याचीच तपासणी बहुधा सर्वांत कमी झालेली असते. आयकॅनच्या उपविधींतील ‘समुदाय’ हे असेच एक पद होय. इंटरनेटवरील नावे व क्रमांक यांच्या व्यवस्थेचा समन्वय पाहणारी ही ना-नफा संस्था १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिचे संचालक मंडळ आणि समुदाय यांच्यातील सत्तेचा तोल कसा राखावा, हा वाद जुना आहे. वादातील दोन्ही पक्ष समुदायाचीच ग्वाही देतात; परंतु या पदाने दर वेळी एकच वस्तू निर्दिष्ट होते काय, हे क्वचितच पाहिले जाते.

पहिला अर्थ व्यक्तींचा आहे. २००० मध्ये जगाच्या पाच विभागांतील इंटरनेट-वापरकर्त्यांनी प्रत्यक्ष मतदानाने पाच संचालक निवडले. येथे समुदाय म्हणजे मतदार. २००२ च्या पुनर्रचनेत ही पद्धती बंद झाली आणि हा अर्थ उपविधींतून लुप्त झाला.

दुसरा अर्थ विधिनिर्मित आहे. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने आपली देखरेख सोडण्याचा मानस मार्च २०१४ मध्ये जाहीर केला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती संपली. मधल्या काळात प्रश्न उभा राहिला की, मंडळाला जाब विचारणार कोण? त्यासाठी नेमलेल्या कार्यगटाने २०१५ मध्ये समुदायाला संस्थेचा ‘एकमेव सभासद’ करावे, असे सुचविले. मंडळाने हरकत घेतली. पूर्वी न पारखलेल्या रचनेकडे एवढी सत्ता सोपविल्यास आहे तो तोल ढळेल, असा तिचा आशय होता. अखेरीस ‘एकमेव नियुक्तक’ या पदावर तडजोड झाली. हा फरक शाब्दिक नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सभासदाचे हक्क व्यापक आहेत. नियुक्तकाचा हक्क मुख्यतः संचालक नेमणे व काढणे एवढाच आहे. इतर अधिकार उपविधींत एकेक करून नोंदवावे लागले.

या ‘अधिकारप्राप्त समुदाया’चे पाच घटक आहेत : क्रमांक-वाटपाची संघटना, देशवाचक नावांची संघटना, सर्वसामान्य नावांची संघटना, वापरकर्त्यांची सल्लागार समिती आणि सरकारांची सल्लागार समिती. त्याच्या वाट्याला आलेली क्रियापदे पाहावीत : अंदाजपत्रक नाकारणे, संचालकांना काढणे, मूलभूत उपविधींतील बदलास मान्यता देणे. संपूर्ण मंडळ परत बोलावण्यास सामान्यतः चार घटकांचा पाठिंबा लागतो, व एकाहून अधिकांचा विरोध चालत नाही. हा अधिकार आजवर वापरला गेलेला नाही. धोरणे घडविण्याचा उपक्रम घटक-संघटनांकडे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु दैनंदिन कारभारात कर्तृपद मंडळाकडे आहे, आणि समुदायाच्या हाती नोंदलेल्या विषयांपुरता नकार आहे.

या यादीबाहेर काय घडते, हे ‘ऑर्ग’ प्रकरणात दिसले. त्या नावांची नोंदवही चालविणारी ना-नफा संस्था एका खाजगी गुंतवणूकदार कंपनीस विकण्याचा बेत नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला. जगभरच्या सेवाभावी संस्थांनी विरोध केला. पण करारातील हस्तांतरास संमती द्यावी की देऊ नये, हा निर्णय मंडळाचा होता. अधिकारप्राप्त समुदायाच्या नकाराच्या यादीत तो नव्हता. एप्रिल २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी संमती नाकारावी असे लिहिले, आणि ३० एप्रिल रोजी मंडळाने ती नाकारली. निष्पत्ती इष्ट झाली असे म्हणता येईल. तथापि समुदायाचा शब्द मंडळापर्यंत पोचला तो मत म्हणून, अधिकार म्हणून नव्हे.

तिसरा अर्थ आपल्या भाषेच्या अभ्यासकांना जवळचा आहे. बिंदूनंतर येणारी अंतिम नावे देवनागरीत लिहावयाची, तर कोणती अक्षरे ग्राह्य धरावीत? नव-ब्राह्मी लिप्यांच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये देवनागरीची नियमावली सादर केली. तीत मराठीला आवश्यक अशा ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ या जोडाक्षरांस स्थान मिळाले. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरू व स्वयंपाकी एवढे अंतर आहे, हे मराठी भाषकाला सांगावे लागत नाही. पण हा भेद जाणणारा कोणी नसता, तर तो निमूटपणे पुसला गेला असता. येथे समुदाय म्हणजे जाणकार. त्याचा अधिकार मतसंख्येतून येत नाही; तो विषयज्ञानातून येतो.

मतदार, विधिनिर्मित मंडळी आणि जाणकार असे हे तीन अर्थ आहेत. आयकॅनच्या घटनेने दुसऱ्याला अधिकार दिला, तिसऱ्याला काम दिले आणि पहिल्याला एका सल्लागार समितीत बसविले. मंडळ व समुदाय यांच्यात तोल साधला गेला, हे विधान म्हणून केवळ दुसऱ्या अर्थाने खरे आहे. नकाराची यादी वाढविल्याने ही उणीव भरून निघणार नाही. ‘ऑर्ग’सारखा सार्वजनिक हिताचा निर्णय घेण्यापूर्वी मंडळाने प्रत्येक घटकाच्या मताला लेखी, सकारण उत्तर देणे बंधनकारक व्हावे. त्यामुळे निर्णयाचे कर्तेपण मंडळाकडेच राहील. पण समुदायाच्या वाट्याला नकाराबरोबर ‘विचारणे’ हे क्रियापदही येईल.