‘योग्य’ कुटुंब : प्रतिपालकांच्या मान्यतेचा व तपासणीचा भाषिक विचार

ज्या मुलास आईवडील नाहीत, अथवा असूनही ते त्याचा सांभाळ करू शकत नाहीत, त्यास संस्थेत न ठेवता दुसऱ्या कुटुंबात काही काळ वाढू द्यावे, ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. आज तिला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ४४ चा आधार आहे. असे कुटुंब कसे निवडावे आणि निवडीनंतर त्याच्यावर लक्ष कसे ठेवावे, यासंबंधी या कलमात व त्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांत पुष्कळ तपशील आहे. या तपशिलाची प्रशासकीय चिकित्सा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ‘योग्य’ आणि ‘तपासणी’ हे दोन शब्द मेळघाटातील धारणीसारख्या ठिकाणी नेमका कोणता अर्थ धारण करतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ‘योग्य’ हा शब्द घेऊ. कायद्याच्या दृष्टीने प्रतिपालक कुटुंब म्हणजे जिल्हा बाल संरक्षण कक्षास योग्य वाटलेले कुटुंब. निवड करताना कुटुंबाची पात्रता, हेतू, क्षमता व मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहावा, असे कलम ४४ सांगते. आदर्श नियमांनी त्यावर आणखी निकष घातले : पतिपत्नींचे नागरिकत्व, वय, प्रकृती, मुलाच्या गरजा भागतील इतके उत्पन्न, घरात पुरेशी जागा, निष्कलंक चारित्र्य, शेजाऱ्यांशी सलोखा. यांतील एकही निकष अनावश्यक नाही. परंतु हे सारे त्या कुटुंबाचे स्वतःचे गुण आहेत. मूल कोण आहे हे ठाऊक नसतानाही ते मोजता येतात. ‘योग्य’ हा शब्द मात्र ‘युज्’, म्हणजे जोडणे, या धातूपासून आला आहे, आणि मराठीत तो आजही ‘कशास?’, ‘कोणास?’ या प्रश्नांची अपेक्षा ठेवतो. योग्यता हे नाते आहे. त्याचा गुण करून टाकला की नात्याचा एक पक्ष, म्हणजे खुद्द मूल, विचारातून गळतो.

धारणीत हा दोष ठळक होतो. धारणी व चिखलदरा या दोन्ही तालुक्यांत कोरकू समाज मोठ्या संख्येने राहतो. कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुलातील भाषा. मराठीशी तिचे कुलसंबंध नाहीत. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सुमारे ७ लाख २७ हजार नोंदले गेले. शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या एखाद्या कोरकू मुलाचा विचार करावा. वरील सर्व निकषांस उतरलेले, पण कोरकूचा एक शब्दही न जाणणारे कुटुंब त्यास मिळाले, तर ते कुटुंब कागदावर योग्य आणि मुलाच्या लेखी मुके ठरेल. मुलाच्या सांस्कृतिक व सामुदायिक संबंधांचा विचार व्हावा हे तत्त्व मान्य आहे. पण ‘संस्कृती’ या व्यापक शब्दात भाषा सहज हरवते. १९८९ च्या बालहक्क करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, अनुच्छेद २० मध्ये भाषिक पार्श्वभूमीचा स्वतंत्र उल्लेख आहे. तो आपल्या निकषांत उतरावयास हवा होता.

आता ‘तपासणी’. कलम ४४ प्रमाणे बालकल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा तपासणी करावयाची आहे. समितीत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात. आणि अमरावतीहून धारणीचे अंतर परतवाडा-सेमाडोह मार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर, तेही घाटाचे. इतक्या दुरून येणारा माणूस घर, अंथरूण, दप्तर, मुलाचे वजन हे पाहू शकतो. मूल काय म्हणते हे त्याला ऐकता येत नाही. मराठीत तपासणी मालाची वा हिशेबाची होते. माणसाची होते ती विचारपूस. आपणांस प्रभावित करणाऱ्या प्रत्येक निर्णयात मुलाचे म्हणणे ऐकले जावे, हे याच अधिनियमाच्या मूलतत्त्वांपैकी एक आहे. ते विचारपुशीनेच सिद्ध होईल, आणि विचारपूस भाषेवाचून होत नाही.

एक उदाहरण पुरेसे आहे. श्रोत्यास सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीत आहे. कोरकूतही तो ‘अबुङ’ व ‘अले’ या सर्वनामांत स्पष्ट आहे. धारणीच्या बाजारात चालणाऱ्या हिंदीतील ‘हम’ मात्र तो दाखवीत नाही. प्रतिपालक आईशी बोलताना मूल घराविषयी कोणते सर्वनाम वापरते, हे कोरकू जाणणाऱ्यास सहज कळेल. एका सर्वनामावरून कुटुंबाची परीक्षा करावी असे सुचवावयाचे नाही. हिंदीतून झालेल्या प्रश्नोत्तरांत अशा किती खुणा निसटत असतील, एवढेच दाखवावयाचे आहे.

यावर आक्षेप येईल, की भाषेची अट घातल्यास आधीच दुर्मिळ असलेली कुटुंबे आणखी कमी होतील. आक्षेप खरा आहे. पण कोरकू बोलणारी घरे आज कोणत्या चाळणीत अडकतात हेही पाहिले पाहिजे. ती उत्पन्नाची चाळणी आहे. ‘मिशन वात्सल्य’मध्ये प्रतिपालनासाठी मुलामागे दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. शासन मुलाचा खर्च उचलणार असेल, तर उत्पन्नाचा निकष कठोरपणे लावून भाषा जाणणारे गरीब घर नाकारण्यात संगती राहत नाही.

काळाचा प्रश्नही आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी प्रतिपालक कुटुंबास दत्तकविधानासाठी लागणारा सहवासाचा काळ पाच वर्षांवरून दोन वर्षांवर आणला. मुलास लवकर स्थैर्य मिळावे हा हेतू स्तुत्य आहे. परंतु ख्रिस्तोफ पालिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन ते आठ वर्षे वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांना प्रौढपणी कोरियन वाक्येही ओळखता आली नाहीत. पुढील संशोधनात ध्वनिग्रहणाच्या काही सूक्ष्म खुणा आढळल्या. पण त्या खुणांनी कोणी आजीशी बोलू शकत नाही. आणि प्रतिपालनातील पुष्कळ मुलांना तर आपल्या माणसांकडे परतावयाचे असते.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. मान्यतेच्या अहवालात ‘या मुलाची भाषा या घरात कोण बोलते?’ हा प्रश्न निकष म्हणून यावा. उत्तर नकारार्थी असल्यास त्या भाषेशी मुलाचा संबंध कसा टिकेल हे नोंदवावे. आणि मासिक भेटीत मुलाशी त्याच्या भाषेत, कुटुंबाच्या अपरोक्ष बोलणारा दुभाषी असावा, तोही त्या कुटुंबाच्या नात्यागोत्यातला नसावा. घर योग्य आहे की नाही, याचे पहिले उत्तर मुलाकडेच असते; ते त्याला देता येईल आणि आपल्याला कळेल, अशी व्यवस्था हवी.