चावी कुणाच्या हातात? मुंबईच्या पाणीयोजनेची समीक्षा

समीक्षा फक्त पुस्तकाचीच करायची, असं कुठल्या पोथीत लिहिलंय? शहराची पाणीयोजना हीसुद्धा एक संहिता आहे. तिला लेखक आहेत, नायक आहेत, आणि मराठी साहित्यात होती तशी तिच्यातही वगळलेली माणसं आहेत. मी गिरणीत राबतो, कविता लिहितो. इंजिनिअरिंगचं कॉलेज मी पाहिलेलं नाही. पण आराखडा म्हणजे काही वेदमंत्र नव्हे की आपल्या कानात शिसं ओतावं लागेल. बसलं तर वाचता येतो.

आधी जे थोर आहे त्याला थोर म्हणू. १८५४ साली पाऊस दगा देऊन गेला आणि मुंबईत पाण्यासाठी हाहाकार झाला. त्यातून विहार तलाव उभा राहिला, १८६० साली. मग १८७९ ला तुळशी, १८९२ ला तानसा. १९५७ ला वैतरणेवर मोडकसागर, १९७३ ला ऊर्ध्व वैतरणा, पुढे भातसा, आणि २०१४ ला मध्य वैतरणा. शंभरेक किलोमीटरवरून नळ टाकले. वैतरणेचं पाणी मुंबईच्या वेशीपर्यंत येतं ते पंपाने ढकलून नाही, उताराच्या बळावर. आज रोज साधारण ३८०० दशलक्ष लिटर पाणी शहरात येतं. हे काम बघून छाती दडपते. दडपलीच पाहिजे. त्यात आपल्या हातांचा घाम आहे. मोडकसागरला महापालिकेच्या इंजिनिअरचं नाव मिळालं. खंदक खोदणाऱ्याचं नाव हजेरीपटात लिहिलं गेलं असेल, तिथंच संपलं.

पण ही संहिता शेवटच्या शंभर फुटांत खोटी पडते.

पाणी धरणातून येतं, भांडुपला शुद्ध होतं, टेकड्यांवरच्या टाक्यांत चढतं. तिथून पुढे शहराचे शंभरावर पाणी-विभाग. प्रत्येकाला ठरलेले तास. रस्त्याखालचा व्हॉल्व्ह चावीवाला फिरवतो. म्हणजे मुंबईत पाणी नुसतं वाहत नाही, ते वाटलं जातं. आणि वाटप आलं की सवाल येतो : कुणाला किती?

उत्तर नियोजनातच लिहून ठेवलेलं होतं. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर, झोपडपट्टीतल्याला ४५. कुठल्या शास्त्रात आहे हे? झोपडीतल्या माणसाला घाम कमी येतो? त्याचं पोर कमी हगतं? हा हिशेब पाइपाच्या जाडीचा नाही, माणसाच्या किमतीचा आहे. वर १९९६ च्या सरकारी परिपत्रकाने पाण्याला तारीख चिकटवली. १ जानेवारी १९९५ च्या आधीचा पुरावा दाखव, मग नळ. तहानेला कागद मागितला. कागद नसलेल्यांनी टँकरवाल्याला, शेजारच्या नळवाल्याला पैसे मोजले. ज्याची कमाई सगळ्यात कमी, त्याचा हंडा सगळ्यात महाग.

दोस्तांनो, आता महाड आठवा. १९२३ ला बोले ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७. तिथं कागद देत होता, माणसं अडवत होती. मुंबईत पाइप दारावरून जातो आणि कागद अडवतो. २०१४ साली मुंबई हायकोर्टाला पुन्हा सांगावं लागलं, की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, बेकायदा झोपडीतल्यालाही ते नाकारता येत नाही. सत्याऐंशी वर्षांनी तोच धडा!

या योजनेचं दुसरं टोकही बघा. तानसा, भातसा, मोडकसागर ही सगळी शहापूर तालुक्याच्या उशाशी. त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाणी जिथून निघतं तिथं तहान, जिथं पोचतं तिथं शेवटच्या गल्लीत तहान. मधल्या माणसांचं मात्र झकास भागतं. याला पांढरपेशे ‘तांत्रिक अडचण’ म्हणतात. मी त्याला रचना म्हणतो.

काही मित्र म्हणतील, मोठी धरणं, मोठ्या योजना हेच भांडवलदारी खूळ, फेकून द्या. मला हे पटत नाही. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांची पायाभरणी त्याच काळात झाली. बाबासाहेबांना यंत्राचं, सिमेंटचं वावडं नव्हतं. महाडला तळ्यावर गेलेला माणूसच पुढे नद्यांच्या आराखड्यावर बसला. हा एकच लढा आहे. आपण त्यातला पहिला अर्धा घेतला, दुसरा ठेवून दिला.

म्हणूनच आपल्या साहित्यालाही एक सवाल. १९७२ च्या ‘गोलपिठा’नंतर आपल्या लिहिण्यात गटार आलं, फूटपाथ आला, नळावरची भांडणं आली. ते हवंच होतं. पण नळावर भांडणाऱ्या दोन बायांच्या मागे जो व्हॉल्व्ह आहे, तो किती कवितांत आला? भांडण दिसतं, चावी दिसत नाही. चावी दिसली नाही तर राग शेजारणीवरच निघणार.

आणि कार्यकर्त्यांना सवाल. आपण हंडा मोर्चा काढतो तेव्हा पाइप कधीच पुरलेला असतो. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखडा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी खुला ठेवावाच लागतो. त्या दिवसांत आपण कुठं असतो? आपली वस्ती नकाशावर आहे की पांढरी सोडलीय, हे कोण बघतं? कुठल्या वॉर्डाला किती पाणी, किती तास, हे २००५ च्या माहितीच्या कायद्याने एका अर्जात मागता येतं. प्रत्येक शाखेने तो अर्ज टाकावा. आलेलं उत्तर वस्तीत फळ्यावर लिहावं. शेजारच्या टॉवरचे तास त्याच्याच बाजूला लिहावेत.

घोषणा आपल्याला पाठ आहेत. आता नकाशे पाठ करूया.