लोफोटेनचीं बिऱ्हाडें

नॉर्वेची आणि आमची ओळख रंगभूमीवरून झाली. इब्सेनचें नांव घेतल्यावांचून आमची नाट्यचर्चा पुरी होत नसे. १९३३ सालीं ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक आलें तेंहि ब्यर्नसनच्या आधारें. त्यामुळें नॉर्वे म्हटलें कीं एक दिवाणखाना, त्यांत कोंडलेलीं माणसें आणि शेवटीं आपटलेलें दार, एवढेंच चित्र आमच्यापुढें उभें राहतें. त्या दाराबाहेरचा समुद्र ज्यानें दाखविला तो लेखक योहान बोयर (१८७२–१९५९). त्याची १९२१ सालची ‘शेवटचा व्हायकिंग’ ही कादंबरी आम्हीं इंग्रजीच्या द्वारें नुकतीच पुन्हां वाचली, आणि तिच्याविषयींचें आमचें जुनें मत बरेंच बदललें.

कथानक थोडक्यांत सांगतां येतें. उत्तर नॉर्वेंत, ध्रुववृत्ताच्याहि पलीकडे, लोफोटेन नांवाचीं बेटें आहेत. दर हिंवाळ्यांत कॉड मासा बॅरेंट्स समुद्रांतून अंडीं घालण्यासाठीं तेथें येतो. जानेवारीपासून एप्रिलपर्यंतच्या या हंगामासाठीं दक्षिणेकडील गरीब शेतकरी शिडाच्या उघड्या होड्या घेऊन शेंकडों मैल जात. क्रिस्तावेर मीरान हा त्यांपैकींच एक. त्याच्या ‘सील’ नांवाच्या होडींतून त्याचा मुलगा लार्स प्रथमच निघतो. आई समुद्रापासून दूरच्या मुलखांतली. समुद्र हा तिचा जन्माचा वैरी.

पूर्वीं वाचतांना वादळाच्या प्रकरणानें आम्ही भारावून गेलों होतों. या वेळीं मन खिळलें तें ट्रोलफ्योर्डच्या झुंजीवर. ही झुंज कल्पित नव्हे. १८९० सालीं वाफेच्या बोटींनीं या अरुंद खाडीचें तोंड जाळ्यांनीं बंद केलें आणि आंत शिरलेला सारा मासा आपला म्हटला. उघड्या होड्यांतील माणसें वल्हीं घेऊन त्यांवर तुटून पडलीं. बोटींवरून त्यांच्यावर उकळतें पाणी व वाफ सोडण्यांत आली. बोयरनें हा प्रसंग असा रंगविला आहे कीं वाचकाचा श्वास अडकावा. परंतु ‘समुद्रांतला मासा कोणाचा?’ हा जो प्रश्न त्या खाडींत उभा राहिला, त्यापेक्षां त्याला हाडापेरानें बळकट अशा जुन्या दर्यावर्दी पुरुषाच्या अस्ताचें दुःख अधिक वाटतें. ‘शेवटचा’ हा शब्द त्यानें मुखपृष्ठावरच घातला, आणि तेथेंच त्याची दृष्टि थोडी चुकली असें आम्हांस वाटतें. शिडाचें युग संपलें, पण तो प्रश्न संपला नाहीं.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. लोफोटेन हें बोयरच्या नायकांचें बिऱ्हाड आहे, घर नव्हे. ते येतात, राबतात, परत जातात. तेथें वर्षभर राहणाऱ्याचा संसार कादंबरीच्या मध्यभागीं कधींच येत नाहीं. लार्सचें जग डोळ्यांनीं पाहावें म्हणून आजचा वाचक तिकडे जातो, तेव्हां त्यालाहि बहुधा बिऱ्हाडच दाखविलें जातें. फ्लाकस्टा बेटावरील नुस्फ्योर्ड हा गांव पाहा. डोंगराच्या कुशींतलें लहानसें बंदर, पाण्यांत रोंवलेल्या खांबांवर लांकडी खोल्या, कॉडच्या यकृताचें तेल काढण्याचा जुना कारखाना. १९७५ सालीं, युरोपांतील वास्तु-वारसा वर्षांत, जतनाचा आदर्श म्हणून नॉर्वेनें जीं तीन स्थळें निवडलीं त्यांत हा गांव होता. (त्या तेलाचा चमचा आमच्या पिढीनेंहि नाक दाबून घेतला आहे, मासळी वर्ज्य असलेल्या घरांतहि त्याला औषध म्हणून मुभा असे.) आज त्या खोल्यांत पाहुणे उतरतात, आणि उन्हाळ्यांत गांवांत शिरण्यासाठीं पैसे मोजावे लागतात.

तिकीट काढून गांवांत शिरावें हें ऐकून आम्हांस प्रथम हंसूं आलें, मग खेद झाला. पण ‘मच्छीमारांच्या झोंपड्यांचें हॉटेल झालें’ असा जो विलाप ऐकूं येतो तो आम्हांस निम्माच खरा वाटतो. या खोल्यांना ‘रोरबू’ म्हणतात, म्हणजे वल्हें मारणाऱ्यांचें बिऱ्हाड. इ. स. ११२०च्या सुमारास आयस्टाइन राजानें वोगन येथें त्या बांधविल्या असें सांगतात. अगदीं प्रारंभापासून त्या परक्यांसाठींच होत्या. पुढें गांवाचा धनी त्या देई, आणि बदल्यांत मासा त्यालाच विकावा लागे. १८१६च्या कायद्यानें त्याची सत्ता बंदरासमोरच्या समुद्रावरहि चाले. ती १८५७ सालीं गेली. अशा बिऱ्हाडाला नुसतें रम्य म्हणणारा जाहिरातदार बोयरपेक्षां किती तरी अधिक भोळा ठरतो. बोयरला निदान तेथला ओला गारठा ठाऊक होता.

खरा फरक पाहुण्यांत नाहीं, समुद्रावरच्या हक्कांत आहे. १८९५च्या हंगामांत लोफोटेनला तीस हजारांहून अधिक माणसें मासेमारीस जमलीं होतीं. आज त्या संख्येचा लहानसा अंश उरला आहे. १९८९ सालीं मासा इतका खालावला कीं किनाऱ्याजवळची मासेमारी हंगामांतच थांबवावी लागली, आणि १९९० पासून प्रत्येक होडीला ठराविक वांटा नेमून देण्यांत आला. मासा पुन्हां वाढला. २०१३ सालीं बॅरेंट्स समुद्रांतील कॉडचा एकूण वांटा दहा लाख टनांवर गेला, मग तो पुन्हां उतरला. ही व्यवस्था शहाणपणाची होती यांत शंका नाहीं. परंतु वांटा विकतां-घेतां येऊं लागल्यावर मोठ्या होड्यांनीं लहानांचे वांटे गिळले, आणि बोटाशिवाय दुसरें भांडवल नसलेल्या एखाद्या लार्सनें आज या धंद्यांत शिरावें कसें? ट्रोलफ्योर्डची खाडी जाळ्यानें अडविली होती. ही कागदानें अडली आहे, आणि कागदावर वल्हें उगारतां येत नाहीं.

लोफोटेन मेलें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. इतर बंदरांत फेब्रुवारीपासून लांकडी मांडवांवर जोडी-जोडीनें शेंपटीला बांधलेला मासा टांगतात. मीठ न लावतां, नुसत्या वाऱ्यावर तो सुकतो. आमच्या किनाऱ्यावर बोंबील असाच बिनमिठाचा टांगतात, हें पाहिलेल्यास निराळें सांगावयास नको. सुका मासा इटलींत जातो, डोकीं नायजेरियांत. १४३२ सालीं क्वेरीनी हा व्हेनिसचा व्यापारी गलबत फुटून याच बेटांच्या टोंकाला लागला. इटलीच्या आवडीची कथा तेथूनच सांगतात. आणि माशाच्या डोक्यांतून जिभा कापण्याचें काम अजूनहि गांवचीं मुलें करतात. त्याचे पैसे त्यांचे स्वतःचे. वर्षभर तेथेंच राहणारें असें एक मूल बोयरच्या कथेच्या मध्यभागीं असतें, तर त्या कादंबरीला बिऱ्हाडाऐवजीं घर मिळालें असतें.

एवढे आक्षेप घेऊनहि हें पुस्तक मराठींत यावें अशी आमची इच्छा आहे. भाषांतरकारानें फक्त एक करावें: कोश पुढ्यांत घेऊन पुण्यांत न बसतां, शीड, डोलकाठी आणि सुकाणू यांच्याभोंवतींचे बारीक शब्द एखाद्या कोळीवाड्यांत चार दिवस राहून विचारून घ्यावे.