चोखामेळा यांचे करुणापर अभंग : गाऱ्हाणे आणि प्रार्थना

मराठी संतकाव्यात करुणापर अभंगांना महत्त्वाचे स्थान आहे. भक्ताने आपले दुःख देवापुढे मांडून कृपेची याचना करावी, असे या अभंगांचे सर्वसाधारण स्वरूप असते. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा (मृत्यू इ.स. १३३८) यांच्या रचनेत मात्र या प्रकाराला वेगळे परिमाण लाभते. इतर संतांची व्याकुळता प्रामुख्याने संसारताप आणि देवाचा विरह यांतून येते. चोखामेळा यांच्या विरहाला सामाजिक कारण आहे. ज्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडायचे, त्याच्याच मंदिराचे दार अस्पृश्य म्हणून त्यांना बंद होते.

त्यामुळे त्यांचा विठ्ठल एकाच वेळी मायबाप आहे, धनी आहे आणि जाब विचारण्याचे ठिकाणही आहे. गावकामगार महाराने धन्याला करावयाचा 'जोहार' ते विठ्ठलाला करतात. दास्याची भाषा कायम राहते, परंतु धनी बदलतो. हा बदल लहान नाही.

चोखामेळा काही अभंगांत आपल्या हीन जन्माचे कारण पूर्वकर्मात शोधतात, म्हणून त्यांची प्रार्थना शरणागतीची आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. तथापि कर्मसिद्धान्ताने त्यांचे समाधान झाले असते, तर गाऱ्हाणे तेथेच थांबले असते. ते थांबत नाही. उत्तर हाती असूनही प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो, हेच त्या उत्तराच्या अपुरेपणाचे द्योतक होय. पत्नी सोयराबाई विटाळाच्या कल्पनेचीच चिकित्सा करतात, तर पुत्र कर्ममेळा यांच्या अभंगांत याचनेचे रूपांतर उघड आरोपात होते. एकाच कुटुंबातील हा प्रवास लक्षणीय आहे.

प्रार्थनेच्या मर्यादाही येथे स्पष्ट होतात. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखामेळा यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, मंदिराबाहेरच आहे. दलितांना मंदिर खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. पुढील वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत.

सारांश, या गाऱ्हाण्याने दार उघडले नाही. परंतु बंद दार हा देवाचा न्याय आहे, असे मानण्यासही त्याने नकार दिला. चोखामेळा यांच्या प्रार्थनेचे वाङ्मयीन व नैतिक मोल या नकारात आहे.