डबेवाले, सिक्स सिग्मा आणि तुमचा सिनॉप्सिस

ऑपरेशन्स मॅनेजमेंटमधला सिनॉप्सिस लिहायला घेतला, की सेवा क्षेत्राच्या परिच्छेदात एक वाक्य हमखास येतं: मुंबईचे डबेवाले सिक्स सिग्मा दर्जाचे आहेत, 1 कोटी 60 लाख फेऱ्यांत त्यांची एकच चूक होते. हे वाक्य काढून टाका. डबेवाल्यांचं काम थोर आहे, यात वाद नाही. पण हा आकडा कुणी मोजलेलाच नाही.

त्याचा उगम बघा. 1998 मध्ये 'फोर्ब्स'मध्ये सुब्रत चक्रवर्ती यांचा लेख आला. नंतर त्यांनीच खुलासा केला, की चुका किती होतात असं त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं होतं. उत्तर मिळालं: जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एखादी. मग रोजचे 1 लाख 75 हजार डबे, परतीची फेरी धरून दुप्पट, गुणिले दोन महिने. झाला आकडा तयार! 'सिक्स सिग्मा' हा शब्द तर त्यांनी वापरलाच नव्हता.

आता साधं गणित करा. सिक्स सिग्मा म्हणजे प्रचलित अर्थाने दहा लाख संधींमागे 3.4 दोष. रोजच्या साडेतीन लाख फेऱ्यांना हे लावलं, तर दिवसाला साधारण एक चूक चालते. म्हणजे 'दोन महिन्यांतून एक' आणि 'सिक्स सिग्मा' हे दोन वेगळे दावे आहेत. आपण ते एकाच वाक्यात कोंबतो आणि गाईडही सही करतात.

खरी गोम 'चूक' या शब्दात आहे. आपल्या वाळूजचं उदाहरण घ्या. तिथे 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुटे भाग बनवणारे कारखाने वाढले. सुट्या भागाचं माप ड्रॉइंगमध्ये दिलेलं असतं. गेज लावला की पास किंवा रिजेक्ट. डब्याचं काय? अर्धा तास उशीर ही चूक का? आमटी सांडली तर? आणि गिऱ्हाइकाने तक्रारच केली नाही, तर ती कुठे नोंदवायची? उत्पादन आणि सेवा यांतला फरक पहिल्याच धड्यात पाठ केलेला असतो. तो खरा कळतो तो इथे.

म्हणून डबेवाल्यांवर लिहूच नका, असं नाही. हार्वर्डच्या स्टीफन थॉमके यांची 2010 ची केस वाचा. तिच्यात शिकण्यासारखं आहे ते यंत्रणेत: झाकणावरच्या खुणा, लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेला दिवस, गटातली जादा माणसं. ती माणसं रिकामी वाटतात, पण कुणी आजारी पडलं तरी डबा थांबत नाही तो त्यांच्यामुळेच. हे 'का' आणि 'कसं' सांगणं कुठल्याही सिग्मापेक्षा मोलाचं.

तुमच्या प्रबंधासाठी एवढंच करा. औरंगपुऱ्यातली खाणावळ घ्या, घाटीची ओपीडी घ्या, नाहीतर वाळूजमधलं एखादं वर्कशॉप. चूक कशाला म्हणायचं ते आधी लिहून काढा. कोण मोजणार, किती दिवस, एकूण कितीपैकी, तेही लिहा. मग महिनाभर मोजा. आकडा शेकड्यात दोन निघाला तरी लाजू नका. व्हायव्हात 'हा कुठून आला?' असं विचारलं, तर तुमच्याकडे उत्तर असेल.