‘रात्रीची दोन घटका मौज’

कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचें नांव निघालें, कीं विद्वानांस त्यांचा १८९६ सालीं प्रसिद्ध झालेला भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास आठवतो. त्याच लेखकानें सामान्य वाचकांसाठीं ‘ज्योतिर्विलास’ लिहिला, आणि त्यास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें दुसरें नांव दिलें. या नांवांतील ‘मौज’ शब्दाचाच येथें विचार करावयाचा आहे.

ग्रहण म्हटलें कीं वेध आणि धूमकेतु म्हटला कीं अरिष्ट, एवढेंच ज्या काळीं बहुतेक घरांत ठाऊक होतें, त्या काळीं आकाश हें मौजेचें स्थान आहे असें सांगणें हें लहान धैर्य नव्हे. भीति घालविण्यास वादापेक्षां परिचय अधिक उपयोगी पडतो, हें त्या शिक्षकानें ओळखलें होतें. परंतु भीति गेल्यावर मागें काय उरावें, या प्रश्नास ‘मौज’ हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें.

२१ डिसेंबर २०२० च्या गुरु-शनींच्या युतीचेंच उदाहरण घ्या. आमच्या दिंडोशीस दिव्यांच्या झगझगाटानें बारीक तारे केव्हांच गिळले आहेत. पण हे ग्रह तेजस्वी, म्हणून सूर्यास्तानंतर नैर्ऋत्येस ते नुसत्या डोळ्यांनीं दिसले. दोहोंत अंतर अवघें सहा कलांचें, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीच्या पंचमांशाएवढें, होतें. फलज्योतिषी म्हणतो, ही भेट आपलें दैव घडविते. गणिती म्हणतो, भेट झालीच नाहीं. त्यांच्यामध्यें सुमारें ७३ कोटि किलोमीटरांची पोकळी होती. गणित्याचेंच म्हणणें खरें. मग आपण पाहिलें तें काय?

ती युति पृथ्वीवरून पाहणाऱ्याच्या दृष्टीपुरतीच होती. तेव्हां तिचा अर्थही ग्रहांत न शोधतां पाहणाऱ्याच्या आयुष्यांत शोधला पाहिजे. हे दोन ग्रह सुमारें वीस वर्षांनीं जवळ येतात. १९८०-८१ च्या युतीच्या वेळीं आम्ही शाळेंत होतों. २००० ची युति सूर्यसान्निध्यामुळें पाहण्याजोगी नव्हती. २०४० ची दिसलीच तर म्हातारपणीं दिसेल. आणि २०२० इतकी निकट युति पुनः २०८० सालीं व्हावयाची आहे. ती पाहणारीं मुलें आज शाळेंत आहेत. आपण नसतांना नेमक्या वेळीं घडणारी गोष्ट आजच ठाऊक असणें, यास मौज म्हणवत नाहीं, आणि दुःखही म्हणवत नाहीं. आपल्या आयुष्याची लांबी आपल्याच डोळ्यांनीं मोजून पाहण्याचा हा प्रसंग आहे. आणि माप कळलेला मनुष्य उरलेले दिवस अधिक नीट वापरतो, असा आमचा समज आहे.

दीक्षितांशीं आमचा मतभेद एवढाच. त्यांची मौज ही पहिली पायरी आहे, आणि ती चढल्यावांचून दुसरी लाभत नाहीं. वाचकांनीं घरांतील मुलांस रात्रीं गच्चीवर न्यावें, गुरु आणि शनि ओळखावयास शिकवावें, आणि २०८० हें साल त्यांच्या वहींत लिहून ठेवावें.